काकूंच्या नावावरचे तास

"जरा दम लागतो, त्याला ही एवढी सोंड," काकू पुटपुटत होत्या. "उद्या एक शिंक आली तर हत्तीच आणून बांधतील घरात."

खोलीत ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. होतं ते स्टुलावरचं यंत्र. बुटांच्या खोक्याएवढं, पांढरं, पुढे हिरवा दिवा, मागून निघालेली राखाडी नळी आणि नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसवायचा मास्क. न बोलावता आलेल्या आणि जायचं नाव न काढणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तशा काकू त्याच्याकडे बघत होत्या. दाराआड, हातभर अंतरावर, उकळून गार केलेल्या पाण्याचं भांडं घेऊन त्यांचे यजमान उभे होते. हे पाणी यंत्राच्या टाकीत खुणेपर्यंत भरायचं असतं, आणि खुणेपर्यंत भरण्याचं काम त्यांच्याइतकं चोख साऱ्या शहरात कोणी केलं नसतं. त्यांनी सगळं ऐकलं, दोन पावलं मागे गेले, खाकरले आणि आत्ताच आल्यासारखे आत आले.

"लावतेस ना?"

"लावते हो. नाक कुठे पळून चाललंय."

यजमान चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पोकळ वजनं, खोट्या तळाची मापं, पारड्याखाली चिकटवलेलं मेण, हे सगळं ते नुसत्या वासावरून ओळखत. इमारतीतली मुलं त्यांना तोलकाका म्हणत आणि पुढे मुलांचे आईबापही म्हणायला लागले. आपल्या हातून आयुष्यात एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला नाही, असं ते स्वतःच सांगत. दुसऱ्या कोणाला सांगायची संधीच देत नसत. त्यांची एक आवडती गोष्ट होती. एका म्हाताऱ्या दुकानदाराने, काकांनी काही विचारायच्या आतच, आपलं पोकळ वजन गल्ल्याखालून काढून त्यांच्यापुढे ठेवलं होतं. का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणाला, "साहेब, हलकं वजन रोज उचलायचं म्हणजे हाताला फार जड जातं." काका ही गोष्ट हसत सांगायचे. दंडाची पावती फाडली ते शेवटी सांगायचे.

काकूंची पाठ लहानपणापासून वाकलेली. भिंतीला लागून उगवलेलं झाड जसं एका अंगाने वाढतं, तशा त्या वाढल्या. उजवा खांदा वर, डावा खाली. गंमत अशी की गल्लीतल्या अर्ध्या लोकांचे खांदे सरळ दिसायचे ते काकूंच्या शिलाईमुळे. मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिवणयंत्र, त्यामागे त्या, आणि तोंडात तीन टाचण्या धरून गिऱ्हाइकाला दिलेल्या कानपिचक्या. वर्षभरापासून मात्र टाका घालता घालता त्या थांबत. जिना चढताना थांबत. पुढे पुढे वाक्य बोलतानाही थांबू लागल्या, आणि ज्या बाईचं वाक्य चाळीस वर्षांत कोणाला मध्ये तोडता आलं नव्हतं, तिचं वाक्य आपोआप तुटायला लागल्यावर काकांनी त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि काकांना एकट्याला व्हरांड्यात बोलावून नीट समजावलं. बरगड्या आवळलेल्या, फुफ्फुसांना फुलायला जागा नाही. शिळी हवा आतच राहते. त्यामुळे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढलाय आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय थकत चाललंय. झोपेत तर श्वास आणखी उथळ होतो. म्हणून झोपताना हे यंत्र लावायचं. ते बाहेरून श्वासाला हात देतं. घशात नळी नाही, कापाकापी नाही, नुसता मास्क. पण लावायचा रोज, आणि कायमचा. यापुढेही बाई बरंच काही बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "हे त्यांना मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी सांगतो," काका म्हणाले. "माझ्या पद्धतीने."

त्यांची पद्धत अशी की घरी आल्यावर ते म्हणाले, "तुला जरा दम लागतो ना, म्हणून एक यंत्र देतायत. झोप चांगली लागेल." बाकीचं त्यांनी व्हरांड्यातच ठेवलं. परगावच्या मुलीला फोनवर हेच सांगितलं, आईला जरा दम लागतो. शेजाऱ्यांनाही हेच. हळूहळू "जरा दम लागतो" हे वाक्य त्या घरात इतकं रुळलं, की दारावरच्या पाटीखाली लिहून टाकलं असतं तरी चाललं असतं.

आता यंत्र मिळवायचं म्हणजे काय, ते ऐका. रुग्णालयाचा श्वसन विभाग तिसऱ्या मजल्यावर. उद्वाहकावर "दुरुस्तीसाठी बंद" अशी पाटी, आणि पाटीचाच रंग उडालेला. ज्यांना श्वास पुरत नाही त्यांनी तीन मजले चढून यायचं. जे वर पोचतात त्यांना यंत्राची फारशी गरज नसते आणि ज्यांना गरज असते ते पोचत नाहीत, अशी एकंदर काटकसरीची योजना. काकूंना तळमजल्याच्या बाकावर बसवून काका वर गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज दिला. काकांनी तो खाली नेऊन काकूंची सही घेतली आणि पुन्हा वर आणला.

"सही माझ्यासमोर हवी," कारकून म्हणाला.

"त्यांना तीन जिने चढता येत नाहीत. म्हणून तर यंत्र हवंय."

"बरोबर आहे तुमचं. पण सही समोर हवी."

काकांना राग यायला हवा होता. पण नियम तो नियम म्हणत चौतीस वर्षं दुसऱ्यांना पिडलेल्या माणसाची अशा वेळी मोठी पंचाईत होते. त्यांना मनातून कारकुनाचंच पटलं. शेवटी वॉर्डातल्या दोन मदतनिसांनी काकूंना खुर्चीत बसवून वर आणलं. काकू वरातीतल्या नवरीसारख्या अवघडून बसल्या होत्या. तोवर जेवणाची सुट्टी झाली आणि खिडकी बंद झाली.

सुट्टी संपल्यावर कारकुनाने अट वाचून दाखवली. यंत्र तीन महिन्यांच्या परीक्षेवर. आत एक कार्ड आहे, त्यावर रोजचे तास उमटतात. सरासरी रोज चार तास भरले तर यंत्र कायमचं. नाही भरले तर परत, पुढच्या नावाला.

"यादीत तुमच्यामागे एकोणीस जण आहेत," तो म्हणाला, आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघून त्याला बहुधा काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. "त्यांनाही दमच लागतो."

यंत्र घरी आलं. ते बसवायला आलेल्या माणसाने आठ मिनिटांत सगळं शिकवलं आणि "सवय होते हो" म्हणून निघून गेला. सवय शेजाऱ्यांना आधी झाली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक पहिल्याच संध्याकाळी आले, यंत्राभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरले आणि म्हणाले, "याची काही गरज नाही. वहिनी, चार आकडे मोजत श्वास घ्या, आठ मोजत सोडा. मी बावीस वर्षं करतोय."

"भाऊजी, मला चारपर्यंत पोचताच येत नाही," काकू म्हणाल्या. "दोनाला संपतो."

मुख्याध्यापकांनी थोडा विचार केला. "मग दोन मोजा आणि चार मोजत सोडा," ते म्हणाले. गणितात कोणी नापास झालेलं त्यांना बघवत नसे.

भिंतीपलीकडच्या शेजारणीची तक्रार होती, की आमच्याकडे अख्खं घर ऐकतं, तुमच्याकडे कोणीतरी फुगा फुगवतंय. पण ती मनाची चांगली. सांत्वनाला आली तेव्हा म्हणाली, "आमच्या चुलत सासऱ्यांना अस्संच यंत्र होतं. लावलं आणि दहा दिवसांत..." इथे तिने काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते. "दहा दिवसांत सवय झाली," ती म्हणाली आणि चहा अर्धा टाकून गेली.

काकूंना मात्र सवय होईना. मास्क नाकाच्या हाडावर रुततो, हवा फटीतून डोळ्यात जाते, तोंडाला कोरड पडते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते ऐकलं होतं, त्या म्हणायच्या, नाकापेक्षा अख्खा दागिन्यांचा डबा जड हे बघायचं राहिलं होतं. दहा मिनिटं लावायच्या आणि काढायच्या. तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपायच्या. काकांनी समजूत घालून बघितली, रुसून बघितलं, नियमावली मोठ्याने वाचून बघितली. पालथ्या घड्यावर पाणी. "जरा दम लागतो हो," काकू म्हणायच्या. "जाईल तो. नाही गेला तर राहील. आहे तरी केवढा." यावर काय बोलणार? उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते व्हरांड्यात होतं.

महिना संपला. कार्ड घेऊन काका तीन जिने चढले. कारकुनाने ते खाचेत घातलं आणि पडद्यावर आकडा आला. रोजची अठ्ठावीस मिनिटं.

"पहिला महिना सवयीचा धरू. पुढचे दोन महिने रोज चार तास भरा," तो म्हणाला. "नाहीतर मला काही करता यायचं नाही, काका."

काकांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की कमी भरणाऱ्याला कसं वाटतं.

दुपारी जेवणं झाल्यावर काकू मागे शिवणाला बसल्या. काकांनी यंत्र बाहेरच्या खोलीत आणलं आणि दार लोटलं. हेतू शुद्ध होता, हे त्यांच्या वतीने सांगायलाच हवं. हे एवढं काय रुततं ते आपण बघावं, म्हणजे बायकोला नेमका उपाय सांगता येईल. खात्याचा नियमच आहे, माप आधी स्वतः तपासावं. त्यांनी मास्क नाकावर धरला, पट्टा मागे कसाबसा ओढला आणि कळ दाबली. हवा आली. गेली. पुन्हा आली. नदीकाठी बसल्यासारखं वाटलं.

जाग आली तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. अंगावर पांघरूण होतं, ते त्यांनी घेतलं नव्हतं. निवृत्तीनंतर अशी झोप त्यांना लागली नव्हती. खरं म्हणजे नोकरीतही लागली नव्हती. आणि यंत्राच्या पडद्यावर आजचा आकडा होता: तीन तास बावन्न मिनिटं.

काका त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. यंत्र श्वास मोजतं. श्वास कोणाचा, ते विचारत नाही. पडद्यावर खोटं काहीच नव्हतं. तास खरे, मिनिटं खरी, श्वासही अगदी खरा. फक्त नाव दुसऱ्याचं. पारड्याखाली मेण चिकटवणारा प्रत्येक दुकानदार हेच म्हणायचा, साहेब, माल चोख आहे. काकांना ते आठवलं असणार. पण काकूंच्या नावामागे एकोणीस नावं उभी होती, आणि त्यांच्यापुढे दुसरं काही दिसेना.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज दीड ते पाच चाळीस अशी ड्यूटी करू लागले. चार तास दहा मिनिटं. वरची दहा मिनिटं ग्राहकाच्या हिताची.

काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पांघरूण काय भिंतीवरून उडून आलं होतं? त्यांना ही नवऱ्याची नवी खोड वाटली आणि थोडी मायाही वाटली. आठवड्याने त्या म्हणाल्या, "अहो, गालावर वळ उठतायत तुमच्या. डोकं बघा केवढं, पट्टा पुरत नाही. इकडे आणा." आणि त्यांनी पट्ट्याला चार बोटं जोड दिला आणि बटण लावून दिलं. शिलाई इतकी सुबक, की पट्टा तसाच कारखान्यातून आला असं वाटावं. अशा रीतीने रुग्णाने स्वतःच्या हाताने यंत्र नवऱ्याच्या मापाचं करून दिलं. खात्याच्या चौतीस वर्षांत काकांनी असं संगनमत पकडलं नव्हतं.

पुढचं अटळ होतं. एका दुपारी भिंतीपलीकडची शेजारीण खिडकीवरून जाताना आत डोकावली. खाटेवर तोलकाका, डोळे मिटलेले, तोंडावर मास्क. पाच मिनिटांत बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली. यंत्र काकूंसाठी नव्हतंच, काकांसाठी होतं. काकू बिचाऱ्या आळ स्वतःवर घेतायत. बाई असावी तर अशी.

त्या दिवसापासून काकांचं जिणं कठीण झालं. मुख्याध्यापक त्यांच्याशी हळू आवाजात आणि जुन्या गोष्टी काढून बोलायला लागले, जसं परीक्षेला निघालेल्या ढ मुलाशी बोलतात. कोपऱ्यावरचा दुकानदार, ज्याला काकांनी दोनदा दंड केला होता, त्यांच्या हातातली पिशवी घेऊन घरापर्यंत सोडायला आला आणि जाताना म्हणाला, "साहेब, माझ्या मनात काही नाही हं." काकांचा अपमान करायला याहून कठोर वाक्य कोणाला सुचलं नसतं. मुलीला कोणीतरी कळवलं. तिचा फोन आला.

"बाबा, तुम्हाला काय झालंय?"

"मला काही नाही."

"मग यंत्र कोण लावतं?"

"आईच लावते. म्हणजे मी... तपासतो."

"आई कशी आहे?"

"छान आहे. जरा दम लागतो."

"बाबा, एक विचारू?" मुलगी म्हणाली, मग म्हणाली, "नाही, असू दे." आणि बाहेर पाऊस आहे का, असं विचारलं.

काकांची तब्येत मात्र सुधारत होती. गाल वर आले. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागले. काकूंचे घोटे सुजत होते. सकाळी डोकं दुखायचं, ओठांना निळसर छटा यायची. त्या शिवणयंत्राशी बसल्या बसल्या पेंगायच्या. काका हे बघत नव्हते असं नाही. ते पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होते. पहिला महिना धरूनही सरासरी चढत होती. आधी दीड तास, मग सव्वादोन, मग पावणेतीन. इतका भरवशाचा आकडा समोर असताना माणसाने माणसाकडे कशाला बघावं?

तिसऱ्या महिन्यात एक दिवस ते मागच्या खोलीत गेले. काकू मान टाकून झोपल्या होत्या, सुई कापडातच होती. खुंटीवर गिऱ्हाइकाचा नवा शर्ट टांगला होता. काका तो घेऊन बाहेर द्यायला निघाले आणि दारात थांबले. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

त्यांनी शर्ट परत आत आणला. चष्मा लावला, ब्लेड घेतलं आणि खाटेवर बसून एक बाही टाका टाका उसवली. मग उसवलेला शर्ट आणि बाही कापडाच्या ढिगावर, अर्धवट राहिल्यासारखी ठेवून दिली. काकू उठल्यावर म्हणाल्या, "ही बाही लावायची राहिली वाटतं." काका म्हणाले, "राहिली असेल." त्या दुपारी मास्क लावूनही त्यांना झोप आली नाही. चार तास दहा मिनिटं ते छताकडे बघत पडून राहिले. तास मात्र भरले.

परीक्षेचा दिवस आला. काकूंना खुर्चीतून वर नेलं. बोटाला चाप लावून झाला, मनगटातून रक्त काढून झालं. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते. दाराशी कारकून फाइल घेऊन उभा होता आणि दाराबाहेरच्या बाकावर वाट बघणारे लोक, दार उघडंच असल्यामुळे, सगळं ऐकत होते.

"वापर उत्तम," बाई पहिल्या कागदाकडे बघून म्हणाल्या. "दोन महिने रोज चार तास दहा मिनिटं. एक दिवस खाडा नाही. असा रुग्ण मी बघितला नाही. फक्त सगळे तास दुपारचेच कसे?"

"तिला दुपारी झोप लागते," काका म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

बाईंनी दुसरा कागद उचलला आणि बराच वेळ वाचला. त्यांचा आवाज खाली आला. "पण रक्तात शिळी हवा वाढलीय. सूज वाढलीय. इतका चोख वापर करूनही हे असेल, तर..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तर या यंत्राचा यांना उपयोग होत नाहीये, असंच म्हणावं लागेल. उगाच त्रास कशाला द्यायचा? मी बंद करून टाकते. यंत्र परत करा."

कारकुनाने फाइल उघडली. वरच कुठलातरी दुसरा अर्ज होता, फोटो लावलेला. एक म्हातारा गृहस्थ, फोटोतही तोंड किंचित उघडं.

बाईंनी पेन उचललं. पेन कागदाला टेकायच्या आत तोलकाका उभे राहिले.

"माप खोटं आहे," ते म्हणाले.

"काय?"

"तास माझे आहेत. दुपारी मी लावतो. ती लावत नाही. ती... आधी दहा मिनिटं तरी लावायची."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "काका, बायकोचं यंत्र जाऊ नये म्हणून माणसं काहीही सांगतात. मी रागावत नाही. पण पुराव्याशिवाय मी हा कागद कसा फिरवू?"

पुरावा म्हटल्यावर चौतीस वर्षांची सवय जागी झाली. काकांनी पिशवीतून मास्क काढला. आधी काकूंच्या डोक्याला लावून दाखवला. पट्टा घसरून गळ्यात आला, माळेसारखा. मग काढला, स्वतःच्या नाकावर ठेवला, बटण लावलं. चपखल बसला. आणि दारापाशी कारकून, दाराबाहेर एकोणिसांतले कोण जाणे किती जण, आतमध्ये डॉक्टरीणबाई, या सगळ्यांसमोर वजनमापे खात्याचे माजी निरीक्षक तोंडाला सोंड लावून, हात जोडून उभे राहिले. मास्कमधून ते काहीतरी म्हणाले. ते कोणालाच कळलं नाही. बाहेरच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि हसता हसता खोकायला लागलं.

"काढा ते," बाई म्हणाल्या. त्यांनी कार्ड खाचेत घालून त्यावरचे सगळे तास पुसले. "एक महिना देते. आता यांचे तास आणा. आणि तुम्ही घोरता का हो? तुम्हाला फारच छान लागू पडलंय. एकदा तपासून घ्या."

"मुदतवाढीला नवा अर्ज लागेल," कारकून म्हणाला. मग काकूंकडे बघून म्हणाला, "सही आत्ताच घेतो. परत वर यायला नको."

निघताना बाईंनी काकांना हळूच विचारलं, पण खोली लहान होती. "त्या दिवशी मी सांगितलं ते तुम्ही यांना सांगितलंय ना?"

"हो," काका म्हणाले. "म्हणजे, हो."

मदतनीस जेवायला गेले होते. खुर्ची नको, उतरायला काय लागतं, असं म्हणून काकू भिंतीला धरून जिना उतरायला लागल्या. अकराव्या पायरीवर थांबल्या. वळणावर एक लाकडी बाक होता, एक पाय आखूड. त्यावर बसल्या. काका यंत्राची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसले, तसा बाक त्यांच्या बाजूला कलला.

काकूंचा श्वास खाली यायला बराच वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "काय सांगितलंय तुम्ही मला?"

"कधी?"

"बाईंनी विचारलं, सांगितलंय ना. तुम्ही हो म्हणालात. काय सांगितलंय?"

"हेच की, तुला जरा..."

"अहो," काकू म्हणाल्या.

एवढंच. खालून कोणीतरी जिना चढत येत होतं. चार पायऱ्या, मग थांबणं, मग चार पायऱ्या. काकांनी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. यंत्र फार जड नव्हतं. दीड किलो, वर थोडे ग्रॅम. त्यांनी पहिल्याच दिवशी वजन करून बघितलं होतं.

"तू बरी होणार नाहीस," ते म्हणाले. "असं म्हणाल्या त्या. व्हरांड्यात. हे दम लागणं नाहीये. हृदय थकत चाललंय. रोज मास्क लावून झोपलीस तर काही वर्षं मिळतील. किती ते त्यांनाही सांगता येत नाही. आणि नाही लावलास तर पुढचा हिवाळा नाही दिसायचा." ते थांबले. "सगळं सांगितलं. आता माझ्याकडे काही उरलं नाही."

चढत येणारा माणूस वळणापर्यंत आला, त्यांच्याकडे बघून मान हलवून पुढे गेला. त्याचा आवाज वरच्या जिन्यावर विरत गेला. मग काकूंनी काकांच्या मांडीवरच्या पिशवीत हात घातला, मास्क बाहेर काढला आणि पट्ट्यावरून अंगठा फिरवत गेल्या, जिथे जोड होता तिथपर्यंत.

"चार बोटं आत घ्यायला हवा," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर उसवते. सुईत दोरा तुम्ही ओवून द्या, मला हल्ली दिसत नाही. आणि ती डावी बाही तुम्ही उसवलीत, ते मला तेव्हाच कळलं होतं."